डोक्याखाली हात

दिनेशला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या मांडीवर दुसऱ्याचं पोर होतं. आणि ते त्यानं असं धरलं होतं, जणू कोणीतरी पेटता स्टोव्ह हातात दिलाय आणि खाली ठेवायला जागा सापडत नाही.

गडचिरोलीहून चंद्रपूरला जाणारी एसटी होती. मी खिडकीशी, खाकी वर्दीत. वनरक्षक म्हणून लागून मला तेव्हा फार काळ झाला नव्हता, त्यामुळे वर्दीची इस्त्री मोडू नये म्हणून मी सीटला पाठ टेकवत नसे. हसू नका. आमच्या गावातून वर्दी घालणारी मी पहिलीच. माझा बाप, कोलू, जन्मभर वनखात्याचा रोजंदारी मजूर. वणवा लागला की हिरवी फांदी तोडून धावायचा आणि साहेब आले की वाकून जोहार करायचा. त्याच खात्यात त्याची रंजीता लागली होती. त्या दिवशी तर मी चंद्रपूरच्या वन अकादमीत वणवा विझवण्याच्या प्रशिक्षणाला निघाले होते. मग इस्त्री मोडून कसं चालेल!

व्याहाडला एक बाई चढली. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात तान्हं. आमच्याकडच्या बायका अशा वेळी कोणाला विचारत बसत नाहीत. जो समोर बसलेला दिसेल त्याच्या मांडीवर पोर ठेवायचं आणि आपण मोकळं व्हायचं. समोर दिनेश बसला होता.

"अवो… अवो बाई, हे…"

"धर ना जरासक. खात नाई तो तुले."

बाई गाठोडं वर चढवायला लागली. पोराची मान एका बाजूला कलली, आणि मला राहवेना.

"डोक्याखाली हात द्या! मान पडून राह्यली त्याची!"

"कोणता हात?"

"दोन्ही तुमचेच हायेत ना? कोणताबी द्या!"

त्यानं हात दिला. पोर निवांत झालं, तो मात्र लाकडासारखा ताठ. बाईनं पाहिलं की पोराला जागा बरी मिळाली आहे, मग तिनं ते परत घेतलंच नाही. मूलच्या स्टँडवर ती बाटली भरायला खाली उतरली, आणि नेमकी तेव्हाच गाडी हलली.

दिनेश पोरासकट उभा राहिला. "थांबवा! गाडी थांबवा! हे माहं नाई!"

"सगळे असंच म्हणते, भाऊ," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं घंटी ओढली.

अख्खी बस खो-खो हसली. बाई भरलेली बाटली घेऊन आरामात वर आली. "कायले बोंबलून राह्यला गा?" म्हणाली. आणि तेवढ्यात पोरानं दिनेशच्या पँटवर आपला आशीर्वाद सोडला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हसून घ्या म्याडम."

"मी कुठी हसली?"

"तोंड नाई हसलं. खांदे हसून राह्यले तुमचे."

असं म्हणून तो स्वतःच हसायला लागला, ओल्या पँटकडे बघत. स्वतःवर हसणारा पुरुष आमच्या तालुक्यात शोधावा लागतो… मी खिडकीबाहेर पाहिलं, पण काचेत तोच दिसत होता.

चंद्रपूरला उतरताना त्यानं नाव सांगितलं. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो, पॉवर स्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये कामाला आहे. "आमच्या क्वार्टरमागून वाघ फिरते म्याडम, त्याले भेलो नाई मी. पण या पोट्ट्याले भेलो."

"मंग शिका."

"तुमी शिकवान?"

मी उत्तराऐवजी नंबर दिला. कुठं वणवा दिसला तर खबर द्यायला, असं सांगून.

दुसऱ्या दिवशीच फोन. "खबर द्याची होती."

"कुठी लागली आग?"

"इथी… ऊर्जानगरात."

"किती मोठी हाये?"

"वाढून राह्यली."

मी फोन ठेवला आणि अकादमीच्या व्हरांड्यात एकटीच हसत उभी राहिले. माझी मैत्रीण स्वाती, जी माझ्याबरोबरच भरती झाली होती, मला विचारत होती, काय झालं गं, काय झालं?

मग तो सुट्टीच्या दिवशी माझ्या वनखात्याच्या नाक्यावर यायला लागला. माझी बीट, म्हणजे मी राखायचा जंगलाचा तुकडा, चातगावच्या पुढं, माझ्याच गावाला लागून. चंद्रपूरहून एवढ्या लांब मोटारसायकल हाणत यायचं आणि म्हणायचं काय, तर "इकून जाऊन राह्यलो होतो, म्हटलं भेटून घेवा." कुठं जात होता, ते त्यालाही सांगता यायचं नाही. हातात सांबारवडीचा पुडा असायचा, कोमट झालेला. आधी हेल्मेट काढून आरशात केस नीट करणार, मग माझ्याकडे बघणार. मी सारं झाडाआडून पाहत असे, हे त्याला कधी कळलं नाही.

एकदा श्रावणात आम्ही नाक्याच्या मांडवात अडकलो. सागाच्या पानांवर पाऊस नुसता वाजत होता. माझी टोपी भिजली होती. दिनेशनं ती माझ्या हातातून घेतली, खिशातून रुमाल काढला आणि टोपीवरचं खात्याचं चिन्ह पुसायला लागला. सावकाश, कडेकडेनं… एकही थेंब राहू नये असं. वर पाहिलं नाही. मला चमेली म्हणणारे, गुलाब म्हणणारे पुष्कळ भेटले होते. माझी टोपी पुसणारा हा पहिलाच. मी तिथंच त्याच्यावर जीव टाकला, आता लपवायचं कशाला?

म्हणूनच मार्कंड्याला जे झालं, ते फार लागलं.

महाशिवरात्रीची जत्रा होती. देवळामागं वैनगंगेच्या वाळूत आम्ही बसलो होतो. आता आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो. जत्रेचा गलबला दूर राहिला होता. दिनेशनं बराच वेळ वाळूत रेघा ओढल्या, आणि मग सुटला.

"रंजी, मी सारं ठरवून टाकलं. लग्न झालं की मोठा क्वार्टर भेटते, अर्ज कसा कराचा पाहून ठेवलं. शाळा गेटापाशी हाये. दवाखाना कॉलनीतच. पोट्टं होईपर्यंत गाडी घेऊन टाकतो. आन् पोट्टं झालं का तुही बदली चंद्रपूरच्या हापिसात. टेबलाचं काम. ना ऊन, ना वणवा. हाये का नाई?"

त्याचे डोळे असे चमकत होते की मला रागवणंसुद्धा जड गेलं. एवढा विचार केला होता पठ्ठ्यानं! आमच्याकडच्या पोरांना लग्नात डीजे कोणता लावायचा, याच्यापुढं काही सुचत नाही. हा न झालेल्या पोराच्या शाळेपर्यंत पोचला होता. सारी तयारी झाली होती. फक्त मला विचारायचं राहिलं होतं.

"मले इचारलं तू?"

"आता इचारूनच त राह्यलो."

"नाई दिनेश. तू सांगून राह्यला."

मला स्वाती आठवली. ओल्या मातीत ठसा बघून वाघ की वाघीण हे सांगणारी स्वाती. पोर झालं आणि तिला टेबल मिळालं. आता ती दिवसभर लिफाफ्यांवर शिक्के मारते. मागं भेटली तेव्हा म्हणाली, "रंजी, लेकरू माहा जीव हाये वो. पण जंगलाचा वास विसरून गेली मी." हे बोलताना ती हसत होती, आणि तेच मला बघवलं नाही.

मला लेकरू हवं होतं, आणि माझी बीटही हवी होती. दोन्हीतलं एक सोडायला मी तयार नव्हते, आणि त्यासाठी कोणाची माफीही मागणार नव्हते. पुरुषाला दोन्ही मिळतात तेव्हा कोणी त्याला हावरट म्हणत नाही.

"पोट्टं रडलं त कोण घेईन?" मी विचारलं.

"आई हाये ना माही."

"तुही आई. मंग माही आई. मंग मी. आन् तू?"

"मी… मी हावोच ना."

"बसमदी होता तसा?"

मला थांबता आलं असतं, पण माझी जीभ आईवर गेली आहे. मी उठून वाळू झटकली. "असं कर. जाय, लमझना होय माह्या बापाचा! मंग बोल पोट्ट्याच्या गोष्टी."

दिनेशनं वर पाहिलं. "लमझना… म्हंजे?"

बघा! आमच्यासारखंच गोंडाचं पोरगं, आणि लमझना माहीत नाही. एवढी रागात असूनही मला हसू आलं. पण त्याचा तरी काय दोष, तो वाढला क्वार्टरमध्ये. मी सांगितलं. आमच्यात जुन्या काळी ज्याच्याकडं मुलीच्या बापाला द्यायला देज नसे, तो पोरगा सासऱ्याच्या घरी येऊन राही. नांगर धरी, लाकडं फोडी, गुरं राखी. सासऱ्याला तो कामाचा वाटला, तर लग्न. त्याला लमझना म्हणायचं.

"नांगर येत नाई मले," तो हळू आवाजात म्हणाला.

"नांगर कोण मांगून राह्यलं? माह्या वहिनीले जुळे हायेत. आता मोह पडन, सारं घर पहाटेपासून मोह येचाले जाते. तू घरी राहून लेकरं पाह्य. मोह सरेपर्यंत. पाहू दे मले, कसा बाप होतेस त."

हे मी रागात बोलले. खरं सांगते, तो येईल असं मला वाटलं नव्हतं. परतताना बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो, आणि घरी येऊन मी न्हाणीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं.

मोहाची फुलं पडायला लागली. सगळ्या गावात तो गोड, जड वास भरला. आणि एका सकाळी आमच्या अंगणात मोटारसायकल थांबली. पाठीवर बॅग, हातात हेल्मेट. त्यानं केस नीट केले नाहीत.

"जोहार," तो माझ्या बापाला म्हणाला. "मी दिनेश. लमझना म्हणून आलो."

माझ्या आईच्या, कलाबाईच्या, हातातलं सूप तसंच राहिलं. वहिनी, साधना, आत पळाली, हसू दाबायला. शेजारचे सोमाजीकाका कुडावरून मान लांब करून बघायला लागले. बापानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एकच विचारलं, "किती देवाचे?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्यात कुळांचे देव मोजतात. दोघांचे देव सारखे निघाले तर ती भाऊ-बहीण, लग्न नाहीच. आणि मी? दोन वर्षं सांबारवडी खाल्ली, टोपी पुसून घेतली, रुसले, भांडले, पण हे विचारलंच नव्हतं! दिनेशला म्हटलं, मला विचारलं नाहीस म्हणून. मी तरी काय विचारलं होतं?

दिनेशला प्रश्नच कळला नव्हता. त्यानं फोन काढला. "बाबा, आपुन किती देवाचे हाओ?… देव, देव! किती?… अवो, काऊन म्हंजे काय, सांगा ना!" पलीकडून त्याचे बाबा, नानाजी, एवढ्या जोरात बोलले की सगळ्या अंगणाला ऐकू आलं. "सहा! सहा देवाचे हाओ आपुन! कुठी हायेस तू?"

आम्ही सात देवाचे. सहा न् सात… देव वेगळे, म्हणजे लग्नाला आडकाठी नाही!

"जमते," बाप म्हणाला. "ये आत."

आणि दिनेश, कंट्रोल रूममधून रजा काढून, लमझना झाला. जुळ्यांतलं पोरगं इसरू, पोरगी झिंगू. पहिल्या दिवशी त्यानं आईला विचारलं, "मावशी, हे किती वाजता उठते?" आई म्हणाली, "त्यायलेच इचार." दुसऱ्या दिवशी त्यानं इसरूला दोनदा आंघोळ घातली आणि झिंगूला एकदाही नाही. दोघं त्याला सारखीच दिसत होती. तिसऱ्या दिवसापासून मात्र तो विचारेनासा झाला, बघायला लागला. आईनं त्याला मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळायला शिकवलं, लुगड्याच्या फडक्यानं पोर पाठीला बांधायला शिकवलं. भुकेचं रडणं वेगळं आणि झोपेचं वेगळं, हे मात्र कोणी शिकवून येत नाही. ते त्याचं तोच शिकला.

गावाला तर फुकटची करमणूक झाली. एकदा तो अंगणात दुपटी वाळत घालत होता, तेव्हा सोमाजीकाकांनी कुडावरून हाक मारली. "का जावईबापू, दूध कवा पाजता?"

"दूध नाई पाजत काका," दिनेश म्हणाला. "पण ढेकर चांगला काढतो. तुमचा काढू का?"

बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. मी तेव्हा जेवायला आले होते, एरवी वणव्याची पाळी असल्यानं दिवसभर जंगलातच असे. अंगणात शिरण्याआधी मी कुडाआड थांबले. तो झिंगूला मांडीवर घेऊन तिला समजावत होता, "हे पाह्य, लोड वाढला का घाबराचं नाई. एक-एक युनिट हळूहळू…" आणि झिंगू डोळे मोठे करून ऐकत होती. मी जेवायचं विसरून बघत राहिले. बघूनच पोट भरतं, असं म्हणतात ना… तसंच.

तरी माझं मन पुरतं भरलं नव्हतं. पाहुणा म्हणून चार दिवस सगळेच पोरं खेळवतात.

मग तो दिवस आला. पश्चिमेचा वारा सुटलेला, दुपारचं ऊन, आणि माझ्या बीटमध्ये धूर उठला. मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्यातलीच एखादी ठिणगी राहिली असणार. मी धावत निघाले आणि गावात निरोप दिला. आमच्या गावाचं एक आहे, वणवा म्हटलं की कोणी घरात बसत नाही. म्हातारे, बाया, सगळे फांद्या घेऊन धावले.

जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावर, मी माणसं उभी करत होते. पाला उडवणाऱ्या ब्लोअरचा आवाज, धूर, डोळ्यांत पाणी. ओळीत बाप दिसला, भाऊ दिसला, सोमाजीकाका दिसले. दिनेश दिसला नाही. मनात आलं, भेला वाटते. धुराबरोबर तेही गिळलं आणि पुढं झाले.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी सपासप फांदी मारताना दिसलं. वहिनी होती.

"वहिनी! लेकरं?"

"दिनेशभाऊपाशी!" ती ओरडली, आणि तिनं पुन्हा फांदी उचलली. तिच्या आवाजात काळजी अशी नव्हतीच.

त्यानंतर मी घराचा विचार केला नाही. आग एका जागी जाळरेषा ओलांडायला बघत होती, तिथं मी होते. ती विझली तिथं, माझ्या पायाशी. बापानं कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. तो जन्मभर साहेबांच्या हुकमावर वणवे विझवत आला होता, आज पोरीच्या हुकमावर त्यानं विझवला. मग तो फांदी खांद्यावर घेऊन माझ्याबरोबर चालला. ती त्याची चाल मी जन्मात विसरणार नाही.

सांजेला आम्ही काळेठिक्कर होऊन अंगणात आलो. दिनेश खाटेवर बसला होता. इसरू पाठीला बांधलेला, झिंगू हातावर झोपलेली. डोळे लालभडक. मला बघून तो उठायला गेला, पण हातावर झिंगूचं डोकं होतं. तो तसाच बसला आणि नुसत्या नजरेनं त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं.

"जळली त नाई ना कुठी?"

"नाई."

सोमाजीकाका आमच्या मागंच आले होते. पाणी पिता पिता म्हणाले, "सारं गाव आगीत, आन् हा मरद खाटेवर! मी हाक मारली होती याले. आला नाई."

दिनेशनं मान खाली घातली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझा बाप बोलला. मुळात तो फारसा बोलत नाही, त्यामुळे सगळे त्याच्याकडे वळले.

"सोमाजी, माही सून आज माह्या बराबरीनं आग इझवत होती. तुही सून कुठी होती?"

"घरी… लेकरापाशी."

"मंग? याच्यापायी आग इझवाले दोन हात जास्त भेटले." बाप दिनेशकडे वळला. "बापू, मोह सरला."

मोह सरला नव्हता. झाडं अजून पिवळी होती. सगळ्यांना कळलं बाप काय म्हणतोय ते, लमझन्याची परीक्षा संपली. आई डोळ्याला पदर लावून आत गेली.

दिनेशनं झिंगूला सावरून धरलं. "नाई काका. झाडाले अजून हाये. सरल्याशिवाय जात नाई मी."

असा माझा लमझना! मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझी छाती एवढी फुगली की वर्दीची बटणं तुटतील असं वाटलं.

सगळे हातपाय धुवायला गेल्यावर मी खाटेच्या कडेला बसले. धुराचा वास माझ्या केसांना, मोहाच्या तेलाचा त्याच्या हातांना.

"मले येवाचं होतं," तो हळूच म्हणाला, झिंगू जागी होऊ नये म्हणून. "धूर दिसून राह्यला होता, तू तिथी होती. जीव तुटत होता, रंजी. पण आमच्या कंट्रोल रूमात पह्यलं हेच शिकवते. कुठीबी काहीबी पेटो, ज्याच्या हाती पॅनल हाये त्यानं खुर्ची सोडाची नाई. माह्या हाती हे दोघं होते… म्हणून बसलो."

मी त्याच्या काळजीनं सुकलेल्या तोंडाकडे बघत राहिले. धावून येणारे सगळेच होते. थांबणारा हा एकटाच.

"मले वाटलं, तू भेला," मी म्हटलं.

"भेलोच होतो."

"दिनेश… लेकरं तुह्यापाशी हायेत कळल्यावर मी एकदाबी मांगं वळून नाई पाह्यलं."

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"म्हंजे माहं तुह्यावर लई प्रेम हाये, बावळटा."

तो हसला, पण अंग न हलवता. पाठीवर इसरू होता.

लग्नाआधी आम्ही दोघांनी रक्त तपासून घेतलं. आमच्या भागात सिकलसेल हा आईबापाच्या रक्तातून लेकरात उतरणारा आजार असतो, आणि डोळे मिटून गाडी हाकणाऱ्यांतले आम्ही नव्हतो. दोघंही निरोगी निघालो. मग वाळूतल्या त्या सगळ्या रेघा आम्ही दोघांनी मिळून पुन्हा ओढल्या. मी बदली मागितली, पण टेबलाची नाही. चंद्रपूरजवळ लोहाऱ्याच्या बाजूची बीट मागितली. बीटच. साहेब म्हणाले, बाई, हापिस घ्या ना आरामात. मी म्हटलं, आराम घरी आहे सर. दिनेशनं दुसऱ्या पाळीतल्या शेजाऱ्याशी बोलून ठेवलं, पुढंमागं माझी वणव्याची ड्युटी असेल तेव्हा दिनेश त्याच्याशी दिवसाची शिफ्ट बदलून घेणार. डॉक्टरीणबाईंनी दिवस जाण्याआधीपासून घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या मी विसरले की तो पाण्याचा पेला घेऊन उभा. लग्न झाल्यावर त्याची आई, आशाबाई, दर सणाला विचारायची, "कवा वो?" आणि तो म्हणायचा, "तयारी चालू हाये आई. परीक्षा काय तयारीबिगर द्याची?" पण तारीख मी ठरवणार, हे त्यानं कधी विसरू दिलं नाही. मलाही नाही, आईलाही नाही.

परवा आम्ही माझ्या माहेराहून परतत होतो. तीच एसटी. मी तिथूनच ड्युटीवर जाणार होते, त्यामुळे वर्दीत, ताठ. व्याहाडला एक बाई चढली, डोक्यावर टोपलं, कडेवर तान्हं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दिनेशकडे, आणि पोर सरळ दिनेशच्या हातात दिलं.

तो माझ्याशी बोलत होता. झिंगू कशी चालायला लागली, ते सांगत होता. त्यानं बोलणं थांबवलंसुद्धा नाही. त्याचा हात आपसूक पोराच्या डोक्याखाली गेला, दुसरा पाठीखाली, आणि पोर त्याच्या छातीशी जाऊन गप्प झालं.

बाईनं टोपलं ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. "किती लेकरं तुले, भाऊ?"

"एकबी नाई, बाई."

"मंग हात असा कसा बसला?"

"लमझना होतो मी," दिनेश म्हणाला. चांगला मोठ्यानं. पुढच्या सीटवरचे दोन म्हातारे वळून बघायला लागले, त्यातल्या एकानं त्याला जोहार केला.

मला काय झालं कोण जाणे. मी सीटला पाठ टेकवली, चांगली रेलून. इस्त्री मोडली तर मोडू दे. मग त्याच्या कानाशी गेले.

"दिनेश…"

"हं?"

"आता चालन."

"काय चालन?"

"आपलं लेकरू."

कळायला त्याला जरा वेळ लागला. मग त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. ते मी पुसले.